दोनदा दाबला की लागतो

हातोडा लोखंडावर पडला आणि कठड्यावर वाळत घातलेली चादर थरथरली. निदान बकुळाबाईंना तसं वाटलं. त्यांनी चादर झटकली, वाकून खाली पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं.

खाली चाळीच्या चौकात गुणाजी फरशीवर फतकल मारून बसला होता. भोकं पडलेला बनियन, गुडघ्यांवर खोचलेली लुंगी. त्याची लाल रंगाची जुनी गाडी पुढच्या डाव्या बाजूने जॅकवर उचललेली होती. चाक काढून बाजूला आडवं टाकलं होतं, आणि चाकामागे जी लोखंडी चकती असते, जिला आवळून ब्रेक लागतो, ती उघडी पडली होती. ती काढायची होती आणि ती निघत नव्हती. गंजाने तिला मागच्या लोखंडाशी एकजीव करून टाकलं होतं. दर ठोक्याला तांबडा भुगा उडायचा आणि गुणाजीच्या मिशीवर, घामावर, ओठांवर बसायचा. तो मनगटाने तोंड पुसायचा. मनगट आधीच काळं होतं, म्हणून तोंडावर नवा पट्टा उमटायचा. मग त्याच हाताने तो तंबाखू मळायचा.

"शी," बकुळाबाई म्हणाल्या, खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मघाशी त्याने चाकामागच्या खोबणीतून वाळून चामडं झालेला उंदीर शेपटीला धरून बाहेर काढला होता. तो वर्तमानपत्रावर ठेवला होता. त्याच वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला चहाचा ग्लास होता आणि ग्लासाच्या तोंडावर बेकरीतलं एक कडक बटर. बकुळाबाईंनी उंदरापासून बटरापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं आणि पदर नाकाला लावला.

"काय झालं, आई?" पूर्वी आतून ओला हात पुसत आली. त्यांची सून.

"काही नाही. लोक घाणीत लोळतायत ते बघतेय."

'लोक' म्हणजे गुणाजी, हे पूर्वीला लग्न होऊन या घरात आल्यापासून ठाऊक होतं. गुणाजी बकुळाबाईंचा धाकटा दीर. दोन्ही खोल्यांची भिंत एक, गॅलरी एक, नळ एक, आणि तरी दोघांमध्ये अबोला. पूर्वीचा नवरा दीपक हाफपँट घालून शाळेत जायचा तेव्हापासूनचा. पण घोडपदेवच्या चाळीत अबोला धरणं सोपं असलं तरी न बोलता राहणं कोणाला जमत नाही. नळाची पाळी असते, कोणाचा तरी फोन आलेला असतो, कोणी तरी गेलेलं असतं. म्हणून दोघं बोलायचे, फक्त एकमेकांशी नाही. कावळ्याशी, मांजराशी, तुळशीशी. ज्याला ऐकायचं तो ऐकायचा. अलीकडे हे काम चाळीतल्या काळू नावाच्या कुत्र्याकडे आलं होतं. तो गाडीच्या सावलीत पडला होता.

"काळू," बकुळाबाईंनी वरून हाक मारली, "लोकांना सांग, रविवार आहे. माणसं झोपलीयत."

गुणाजीने मान वर केली नाही. "काळू, धा वाजून गेले म्हणान सांग. ह्या टायमाला झोपतात ते एक तर आजारी असतात नायतर जावई."

पूर्वीने हसू पदराआड नेलं. पदर नव्हता, ओढणी होती.

"आणि हा वास कसला सोडलाय म्हणून विचार. सुकट कुजल्यासारखा."

"ब्रेक ऑइल असा, काळू. अत्तर नाय."

काळूने शेपूट एकदा आपटलं.

बकुळाबाई कठड्याशीच स्टूल ओढून कोथिंबीर निवडायला बसल्या. आत बसल्या असत्या तर दिसलं नसतं, पण ऐकू आलंच असतं; आणि न दिसणारी घाण दिसणाऱ्या घाणीपेक्षा वाईट. हा चौक एके काळी असा नव्हता. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी इथे सडा पडलेला असायचा. पापड घातले तर उचलून तोंडात टाकावे अशी फरशी होती. आता सगळीकडे कबुतरांची विष्ठा आणि पानाच्या पिचकाऱ्या, आणि फाटकावर बिल्डरचा फलक. त्या फलकावर गोरी गोरी माणसं दात काढून हसत होती. चाळीत तसे दात कोणाचेच नव्हते.

गुणाजीने आता एका वाटीत डिझेल ओतलं, त्यात दात घासायचा जुना ब्रश बुडवला आणि चकतीच्या मधल्या भागावर, जिथे ती अडकली होती तिथे, घासायला लागला. बकुळाबाईंनी डोळे बारीक केले. वाटी स्टीलची होती. तिच्या कडेला नाव कोरलेलं होतं. ते इथून वाचता आलं नसतं, पण त्यांना वाचायची गरज नव्हती. गंगूच्या लग्नात माहेरहून आलेल्या सेटमधली वाटी. गंगुबाई, त्यांची जाऊ, गुणाजीची बायको, तिला जाऊन दोन गणपती झाले. तिच्या हातची माशांची तिखलं ह्याच वाटीत भिंतीपलीकडून यायची, अबोल्याच्या आधी.

आणि ब्रश कोणाचा असेल? हा विचार त्यांनी अर्ध्यावरच सोडला.

"जेवणाची वाटी," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या वाटीत तेल. बाई असती तर हातोडा घेऊन हाणला असता." पूर्वीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गणपतीला गाडी घेऊन गावी निघणार वाटतं. धड दिसत नाही, जिना चढताना भिंत धरतो, आणि घाट चढणार. म्हातारचळ!"

"गावी कुठे, आई? गाडी उद्या भंगारात जातेय."

"भंगारात?"

"चौक रिकामा करायचाय ना, आता खोल्या सोडायच्या म्हटल्यावर. मयूरभाऊजींनी तिकडे बदलापुरात बसून वडिलांच्या गाडीचं फोनवर सगळं ठरवलं. उद्या सकाळी येतायत न्यायला."

बकुळाबाईंनी खाली पाहिलं. गुणाजीच्या पाठीमागे पायरीवर एक नवा खोका होता. त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नवीकोरी चकती डोकावत होती, चंदेरी, तेलकट.

"मग ही नवी कशाला?"

"मी पण हेच विचारलं काकांना. म्हणाले, ब्रेक पोकळ जातो."

"भंगारात जाणाऱ्या गाडीचा ब्रेक पोकळ गेला काय आणि भरीव गेला काय!"

"मी अगदी हेच बोलले. तर म्हणाले, दोनदा दाबला की लागतो." पूर्वीला आत कुकरने हाक मारली, ती गेली.

बकुळाबाईंच्या हातात कोथिंबिरीची काडी होती. ती मोडायची राहिली.

दोनदा दाबला की लागतो. संपानंतर गिरणी परत उघडली नाही तेव्हा दोघा भावांनी मिळून एक टॅक्सी चालवायला घेतली होती. दिवसा गुणाजी, रात्री रघुवीर, बकुळाबाईंचे यजमान. टॅक्सी दुसऱ्याची, म्हातारी, रोज नवी खोडी काढणारी. मालक खर्च करायचा नाही. मग तिच्या खोड्या सांभाळत चालवायची, एवढंच हातात. संध्याकाळी गुणाजी गाडी लावून वर यायचा, गॅलरीत दोन दारांच्या मध्ये उभा राहून किल्ली भावाच्या हातात द्यायचा आणि खोड्या सांगायचा. दुसरा गियर दाबून टाक. मागचं डावं दार हाताने धर, पॅसेंजरला उघडू देऊ नको. वायपर एकच चालतो. आरतीसारखं रोज तेच, वर एखादं नवं कडवं. रघुवीर दाढी करता करता हूं हूं म्हणायचा. पोरांनासुद्धा पाठ झालं होतं. दीपक भातुकलीच्या गाडीची किल्ली देताना तस्संच म्हणायचा.

मग एका उन्हाळ्यात गंगूने बोंबील वाळत घातले ते बकुळाबाईंच्या बाजूच्या दोरीवर, आणि त्यांचं पाणी ठिबकलं नव्या गोधडीवर. भांडण बायकांचं. अबोला मात्र घरांचा झाला, कारण बकुळाबाईंनी तसा करायला लावला. गुणाजीने किल्ली दोन दारांमधल्या खिळ्याला अडकवायला सुरुवात केली. रघुवीर ती खिळ्यावरून घ्यायचा. हूं हूं बंद झालं. त्याच आठवड्यात टॅक्सीचा ब्रेक बिघडला. पहिल्यांदा दाबला की पोकळ जायचा. दुसऱ्यांदा लागायचा.

माझगावच्या टेकडीच्या उतारावर रघुवीरने एकदाच दाबला होता.

गुणाजी पोलिसांच्या आधी पोचला. त्याने गाडीखाली शिरून भावाला ओढून बाहेर काढलं, हे बकुळाबाईंना फार नंतर कळलं, तेही कोणा तिसऱ्याकडून. त्या दिवशी त्यांना दिसले ते फक्त त्याचे हात. कोपरापर्यंत काळे, ऑइलने चिकट, आणि त्या काळ्यात मिसळलेलं दुसरंही काही. त्या हातांनी तो चौकात आणून ठेवलेल्या भावाला उचलायला खाली वाकला तेव्हा बकुळाबाई सगळ्या चाळीसमोर म्हणाल्या होत्या, ह्या हातांनी शिवू नका त्यांना.

तो मागे सरला. सख्ख्या भावाला त्याने खांदा दिला नाही. सगळ्यांच्या मागून, हात पाठीशी धरून, चालत गेला. त्या एका वाक्यानंतर बकुळाबाई त्याच्याशी थेट बोलल्या नव्हत्या. सगळी वर्षं त्यांनी मनात एकच गोष्ट धरून ठेवली होती: एक शब्द सांगितला असता तर. कोणाच्या तोंडून सांगितला असता. कावळ्याला सांगितला असता.

खालून कर्रर्र असा आवाज आला आणि त्यांचे दात शिवशिवले.

गुणाजीने हातोडा टाकून दिला होता. चकतीला दोन बारीक भोकं होती, आट्यांची. त्यात त्याने दोन बोल्ट बसवले होते आणि पान्याने आवळत होता. एक आटा इकडे, एक आटा तिकडे. बोल्ट मागच्या लोखंडावर रेटले की चकती पुढे सरकायला हवी होती. ती सरकत नव्हती. फक्त किंचाळत होती. पुढच्या फेऱ्याला पाना सटकला आणि त्याच्या हाताची बोटं चकतीच्या कडेवर घासत गेली.

"तुझ्या आयला..." तो ओरडला, आणि वर बायामाणसं असल्याचं लक्षात येऊन उरलेलं गिळलं.

बोटांवर रक्त आलं. लाल, मग लगेच काळं. त्याने बोटं बनियनला पुसली, मग तोंडात घातली. तोंडात! बकुळाबाईंनी ओठ घट्ट मिटले. बोटं तोंडात धरून तो तसाच बसून राहिला, गाडीला टेकून, पाय पसरून. बनियनच्या भोकातून छातीचे पांढरे केस दिसत होते. श्वास लागला होता. मग त्याने चहाचा ग्लास घेतला आणि बटर बुडवलं. ज्या अंगठ्याने बटर धरलं होतं तो अंगठाही चहात बुडाला. चहावर तेलाचा एक इंद्रधनुषी गोल तरंगला असणार. त्याने चहा प्यायला.

बकुळाबाई उठल्या. आत गेल्या आणि मोठ्या पातेल्यात पाणी भरून गॅसवर ठेवलं.

"आंघोळ झाली ना तुमची?" पूर्वीने विचारलं.

"भांड्यात भांडं अडकलंय," बकुळाबाई म्हणाल्या. "सकाळपासून गाढवासारखा ठोकतोय. अडकलेल्या वाट्या ठोकून कधी निघाल्यात? बाहेरच्या वाटीवर गरम पाणी ओतायचं, ती फुगते, आतली सुटते. गंगूला येत होतं हे."

"ते लोखंड आहे, आई."

"वाट्या काय शेणाच्या असतात?"

पाणी खळखळून उकळलं. पातेलं फडक्यात धरून पूर्वी जिना उतरायला लागली. बकुळाबाईंनी कठड्यावरून सूचना दिली. "काळू, बाहेरच्या चकतीवर ओतायचं म्हणावं. गोल फिरवत. मधल्या बोंडावर एक थेंब नको."

गुणाजीने पातेल्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे. "काळू, उकळता असा की कोमट पाठवल्यानी?"

"काळू, बोट घालून बघ म्हणावं. तसंही तोंडात घालायची सवय आहेच."

पूर्वी या वेळी उघड हसली. गुणाजीही हसला असावा. मिशीवरच्या भुग्यामुळे नीट दिसलं नाही. त्याने पातेलं घेतलं आणि चकतीच्या कडेकडेने पाणी फिरवत ओतलं.

वाफेचा लोट उठला आणि त्याबरोबर जो वास वर आला तो बकुळाबाईंनी उभ्या जन्मात घेतला नव्हता. गंज, डिझेल, करपलेला ब्रेक, आणि गेली कित्येक वर्षं चाळीतल्या प्रत्येक कुत्र्याने त्या चाकावर पाय वर करून जे काही वाहिलं होतं ते सगळं एकदम जिवंत होऊन वर आलं. काळूसुद्धा उठून लांब गेला. बकुळाबाईंनी पदराचा बोळा नाकाला लावला, पण जागच्या हलल्या नाहीत.

"आता आवळ," त्या बोळ्यातून म्हणाल्या. काळू तिथे नव्हता.

गुणाजी आवळत होता. एक आटा इकडे. एक आटा तिकडे. पुन्हा इकडे. बोल्ट कण्हला. मग कुठेतरी आत 'टण्' झालं, घंटेच्या टोल्यासारखं, आणि चकती सुटून त्याच्या मांडीवर आली.

पूर्वीने टाळी वाजवली. समोरच्या मजल्यावरून कोणीतरी "निघाली रे निघाली" म्हणून ओरडलं. तांबड्या चिखलाचा एक ओघळ गाडीखालून निघून नळाकडे चालला.

गुणाजीने चकती उचलून फरशीच्या सपाट दगडावर ठेवली आणि एका कडेला बोट लावलं. चकती डुगडुगली. दुसऱ्या कडेला लावलं. परत डुगडुगली.

"बघ गो," तो पूर्वीला म्हणाला. "वाकडी झालीय. वाकडी झाली की फिरताना तिला आवळणाऱ्या ब्रेकच्या लायनरला मागे ढकलते. म्हणून पैला ब्रेक रिकामा."

"पण काका, भंगारवाले तिला तोडणारच ना?"

गुणाजी तारेच्या ब्रशने मागच्या लोखंडावरचा गंज खरवडायला लागला. गंज खाली उतरत होता, आणि खालून हळूहळू स्वच्छ धातू वर येत होता.

"काळू," बकुळाबाई वरून म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. "काय विचारतात ते सांग म्हणावं. भंगारात जाणाऱ्या गाडीसाठी एवढी घाण कशाला उपसायची?"

ब्रश थांबला. गुणाजी कुत्र्याला शोधत राहिला. कुत्रा लांब नळापाशी होता. मग त्याने चाकालाच सांगितलं.

"टोइंगची गाडी नाय आणत ते. इंजिन चालू होतं ना, म्हणून. त्यांचा माणूस चालवत नेणार." ब्रश पुन्हा सुरू झाला. "फाटकाबाहेर उतार आहे. खाली बालवाडी सुटते."

"मग त्याला सांगायचं नुसतं," पूर्वी म्हणाली, "दोनदा दाब म्हणून."

"सांगायचं राहून जातं," गुणाजी म्हणाला.

बकुळाबाई आत आल्या. पूर्वी रिकामं पातेलं घेऊन वर आली तेव्हा त्यांनी ते तिच्या हातून घेतलं आणि मोरीत बसून घासायला लागल्या. आतून, बाहेरून, बुडातून. पातेल्याला काही लागलेलं नव्हतं. एकदा धुऊन झालं, परत राखाडी साबण लावला.

माझगावच्या उताराआधीची ती संध्याकाळ. तव्यावर भाकरी होती. बाहेर किल्ली खिळ्याला लागल्याचा आवाज आला, आणि नंतर पावलं निघून गेली नाहीत. रघुवीर आत मोरीपाशी आरशासमोर दाढी करत होता. दार अर्धं उघडं होतं. त्या फटीतून त्यांना गुणाजी दिसला, उंबऱ्याबाहेर उभा, आत बघत. घसा खाकरून साफ करत. त्याने तोंड उघडलं होतं.

बकुळाबाईंनी पायाने दार लोटलं होतं.

"आई, किती घासताय?" पूर्वी म्हणाली. "चकाकतंय ते."

"वास जात नाही," बकुळाबाई म्हणाल्या.

दुपारभर खालून बारीक आवाज येत राहिले. नवी चकती बसली. जुन्या फडक्याने तिच्यावरचं तेल पुसलं गेलं. चाक चढलं, जॅक उतरला. मग गुणाजी गाडीत बसून पायाने ब्रेक दाबत राहिला, दाबत राहिला, तो पायाला घट्ट लागेपर्यंत. गॅलरीतून फक्त त्याचा गुडघा वर-खाली होताना दिसायचा. चौकातल्या चौकात गाडी पुढे घेऊन त्याने थांबवली. परत मागे घेतली, थांबवली. काळू प्रत्येक वेळी भुंकला. उंदीर अजून वर्तमानपत्रावर होता. शेवटी तो पूर्वीनेच कागदासकट उचलून टाकला.

सकाळी भंगारवाल्याचा माणूस आला. मितेश नाव सांगितलं त्याने. कानात इअरफोन, तोंडात च्युइंगगम, एका हाताने फोन बघत.

"काका, चावी द्या. टाइम नाय, आणखी दोन गाड्या उचलायच्यात."

गुणाजी फाटकाजवळ उभा होता. अंगावर धुतलेला सदरा होता, पण हात कालचेच. नखं, बोटांची पेरं, मनगटाच्या रेघा, सगळं काळं. रॉकेलने पुसून पुसून ते आणखी खोल गेलं होतं. त्याने किल्ली मुठीत धरली.

"ऐक. दुसरा गियर दाबून टाकायचा."

"हां."

"ते कानातलं काढ."

मितेशने एका कानातलं काढलं.

"हॉर्न नाय वाजत. डावा आरसा ढिला आहे, त्याच्यावर जाऊ नको. दार आतून ओढून घे, नायतर वळणावर उघडतं." त्याचा आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. वर गॅलरीत बकुळाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. पाणी कुंडीवरून वाहून गेलं तरी तांब्या वाकडाच होता. "आणि ब्रेक. ब्रेक एकदाच मारायचा. एकदा मारला की लागतो."

"ब्रेक कोण दोनदा मारतो, काका?"

"काय सांगितलं ते परत बोल."

"काय?"

"सगळं. पैल्यापासून."

मितेशने च्युइंगगम चावणं थांबवलं. म्हातारा वेडा असावा, अशा नजरेने त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि मग वर, बाईमाणूस दिसलं म्हणून, आधाराला.

"बोल की रे," बकुळाबाई वरून म्हणाल्या. "बोलल्याशिवाय किल्ली नाही मिळायची."

मितेश बोलला. दुसरा गियर दाबून, हॉर्न नाय, आरसा ढिला, दार आतून. ब्रेकवर आला तेव्हा तो अडखळला नाही, पण गुणाजी तरी ओठ हलवत होता त्याच्याबरोबर. मग किल्ली दिली.

गाडी फाटकाबाहेर गेली. उताराला लागली. गॅलरीतून रस्त्याचं टोक दिसत नव्हतं, फक्त लाल टप आणि मागचा दिवा. खाली कुठेतरी पोरांचा गलका होता. दिवा एकदा पेटला. गाडी थांबली. काही लहान डोकी समोरून पलीकडे गेली. गाडी पुन्हा निघाली आणि वळून दिसेनाशी झाली.

गुणाजी हात पाठीशी धरून फाटकात उभा होता. बराच वेळ. मग तो वळला, रिकाम्या जागेत उरलेल्या तेलाच्या डागावरून चालत आला आणि भिंत धरत जिना चढायला लागला. बकुळाबाईंना पावलं ऐकू येत होती. दर वळणावर दम घ्यायला थांबणारी.

तो वर आला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. दोन दारांच्या मध्ये तो खिळा अजून होता. त्याला आता कोणी काही अडकवत नसे. त्यांच्या हातात साबणाची नवी वडी होती, कागद काढलेली.

गुणाजी कडेने जायला लागला.

"भावोजी."

तो थांबला.

"शी! ते हात बघवत नाहीत. आधी धुवा नीट, कोपरापर्यंत. पाणी तापवून ठेवलंय. मग आत या."

गुणाजीने मागे वळून पाहिलं. जिन्यात, कठड्यापाशी, खाली चौकात. काळू नळाजवळ झोपला होता.